वासाला उभी राहणारी बाई

"आमच्या गुणनियंत्रण विभागातील एका भगिनीची घ्राणशक्ती महामारीत दुर्दैवाने नष्ट झाली. व्यवस्थापनाने त्यांना कामावरून कमी न करता, माणुसकीच्या भावनेतून, कॅन धुलाई विभागात हलके काम दिले. पुढे काहींच्या चिथावणीवरून त्यांनी या गोष्टीला जातीचा रंग दिला. तरीही प्रकृती सुधारताच त्यांना सन्मानाने पूर्वपदी घेण्यात आले. या कठीण काळात आबांच्या अनुभवी नाकाने डॉकची प्रतिष्ठा राखली."

हा उतारा न्हावऱ्याजवळच्या आमच्या दूध प्रकल्पाने काढलेल्या स्मरणिकेतला आहे. लिहिणारे विलासराव, ते त्या काळी प्लांट मॅनेजर होते. ज्या भगिनीचे नाव घेण्याचे धैर्य त्यांना झाले नाही त्या सुजाताबाई. आणि ज्यांच्या नाकाची आरती ओवाळली आहे ते आबा म्हणजे मी. स्तुती केली की म्हातारी माणसे गप्प बसतात, असा विलासरावांचा हिशेब असावा. मी खुटबावचा आहे. फुकटची शाल खांद्यावर घेण्याची सवय आमच्या घराण्यात नाही. या उताऱ्यातले एकही वाक्य खरे नाही, आणि माझ्या स्तुतीचे तर मुळीच नाही.

एरवी स्मरणिका कोणी वाचत नाही. आपला फोटो कोणत्या पानावर आहे एवढेच लोक पाहतात. पण ही वाचली गेली. सुजाताबाईंनी दौंड तालुक्यात, कासुर्डीच्या बाजूला असलेल्या एका डेअरीत मोठ्या जागेसाठी अर्ज केला होता. तिथून त्यांना फोनवर पहिला प्रश्न आला तो हा : "बाई, तुमचं नाक गेलंय म्हणे?" दूधधंद्यातल्या माणसाला असे विचारणे म्हणजे गवंड्याला त्याचे हात गेलेत का म्हणून विचारणे होय. म्हणून लेखणी उचलली.

दुधाच्या धंद्यात यंत्रे नंतर बोलतात, नाक आधी बोलते. गाडीतून कॅन उतरतो, झाकण निघते, डॉकवरचा, म्हणजे दूध उतरवून घेण्याच्या ओट्यावरचा, माणूस वाकून एक श्वास घेतो आणि हात करतो : आत, किंवा बाजूला. आंबूस, करपट, औषधाचा, गोठ्याचा, कसलाही वास लागला की कॅन मागे फिरतो. फॅट काढणे वगैरे सगळे त्यानंतर. या कामाला आमच्याकडे 'वासाला उभं राहणं' म्हणतात. सकाळच्या पाळीत सुजाताबाई वासाला उभ्या राहत, संध्याकाळच्या पाळीत मी.

बाई न्हावऱ्याच्याच, तिथल्या बौद्ध वस्तीतल्या. दुग्धशास्त्राची पदवी घेतलेल्या. बांधा ठेंगणा, आवाज मात्र डॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. कंपनीने दिलेले गमबूट त्यांच्या मापापेक्षा मोठे होते, त्यामुळे चालताना फटक फटक असा आवाज होई. तो आवाज ऐकताच ड्रायव्हर मंडळी विड्या विझवत, कारण डॉकवर विडीचा वास आला तर बाई गाडी रिकामी होऊ देत नसत. कांद्याच्या मुलखात राहून पाळी संपेपर्यंत त्या कांद्याला शिवत नसत. गजरा नाही, वासाचे तेल नाही. लग्नात अत्तर लावणारा समोर आला की दोन्ही हात पाठीमागे जात. "नाकावर पोट हाय माझं," असे त्या सांगत. स्वतःच्या नावाचाही त्यांना भारी अभिमान. एकदा मला म्हणाल्या, "आबा, माझं नावच दुधातलं हाय. बुद्धाला खीर दिली ती सुजाता. तिनंबी दूध आधी हुंगूनच घेतलं आसंल."

नम्रपणा हा गुण त्यांच्या अंगी नव्हता, आणि तो असावा असे मला कधी वाटलेही नाही. आमच्या भावकीत काही जण सांगतात की ही बाई आबांच्या तालमीत तयार झाली. हेही खोटे. आमच्यात तालीम नव्हती, भांडण होते. जनावरांच्या पेंडीचा वास दुधात उतरला तर तो दोष धरायचा की नाही, यावर आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. त्या धरायच्या, मी धरत नसे. दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही.

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते. कोणी मोघम बोलले की त्या ते वाक्य काढत.

एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, "बाई, लोक म्हणत्यात तुम्ही लय कडक हाय."

"लोक म्हंजी कोण? नाव घेऊन सांगा."

"आसंच. सगळीच म्हणत्यात."

"सगळी म्हंजी तू एकटा. तुझा एक कॅन कालच्याला मागं फिरलाय."

त्या दिवसापासून डॉकवर तो ड्रायव्हर 'सगळी' या नावानेच ओळखला जाऊ लागला. तेव्हा आम्ही हसलो होतो. हे वाक्य पुढे कुठे कुठे लागू पडणार आहे, याची कोणाला कल्पना नव्हती.

बापूसाहेब हे प्रकल्पाचे सर्वांत मोठे दूध पुरवठादार. त्यांच्या वस्तीची गाडी पूर्वी संध्याकाळी येत असे. पुढे वेळा बदलल्या आणि ती सकाळी येऊ लागली. मग एके दिवशी ते स्वतःच गाडीबरोबर आले. मी काही कामाने लवकर पोहोचलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे, ऐकीव नाही. बाईंनी झाकण काढले आणि त्या वाकल्या. बापूसाहेबांनी आपला तळहात कॅनच्या तोंडावर धरला.

"वास ऱ्हाऊ द्या. घरचंच दूध हाय आमचं."

"समद्यांचंच घरचं आसतंय, बापूसाहेब. हात काढा."

"मशीन हाय की. मशीनला घाला."

"मशीन माझ्यानंतर."

"तसं न्हाई बाई. कॅनात तोंड घालायचं म्हंजी... लोकांना बरं वाटत न्हाई."

"संध्याकाळी आबा काय घालत्यात, पाय?"

'सगळी' खुदकन हसला आणि लगेच दुसरा कॅन उतरवू लागला.

"लोक म्हंजी कोण?" बाईंनी विचारले. "नाव घेऊन सांगा."

बापूसाहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "आबा, तुम्हाला ठावं हाय." मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. त्यांना सांगा." त्यांनी हात काढला. बाई वाकल्या, नेहमीपेक्षा लांब श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. आत घ्या." बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आले ते मी पाहिले. दूध नासके ठरते तर त्यांना बहुधा कमी राग आला असता.

त्यांची बाजू घेणारे आजही म्हणतात, बापूसाहेबांनी जात काढली नाही. बरोबर आहे. जात काढण्याइतका तो माणूस कच्चा नाही.

त्यानंतर प्रकल्पात एक रिवाज उलटला. आमच्या दारात मारुतीचे लहानसे देऊळ आहे. सकाळच्या पहिल्या कॅनमधून तांब्याभर दूध देवाला जात असे, आणि ते नेहमी वास घेऊन झालेल्या कॅनमधूनच. देवाला नासके जाऊ नये म्हणून. आता तांब्या आधी भरला जाऊ लागला, आणि बाई त्यानंतर वाकू लागल्या. आदेश कोणी दिला? कोणीच नाही. असल्या गोष्टींना आदेश लागत नाही.

हनुमान जयंतीला देवळासमोर खीर व्हायची. त्या वर्षी खिरीचे दूधही बाईंचा श्वास लागण्याआधीच काढून नेले. विलासराव, बापूसाहेब, आणखी मंडळी पाटावर बसलेली. दूध तापले आणि पातेल्यात फाटले. आचारी डाव हातात धरून उभा. तेवढ्यात फटक फटक करीत बाई तिथून चालल्या होत्या. थांबल्या, पातेल्यात पाहिले आणि म्हणाल्या, "देवाला नासकं चाललं. माझा श्वास तेवढा चालत न्हाई."

"बाई, आजच्या दिवशी नको," विलासराव म्हणाले.

"मग कवा? दिवस सांगा."

त्याच दिवसापासून बाईंना डॉकवरून काढायचे ठरले होते, असे माझे ठाम मत आहे. फक्त कारण सापडत नव्हते. ते साथीने पुरवले.

दुसऱ्या लाटेत आम्ही दोघेही पडलो. त्या शिरूरच्या दवाखान्यात, मी दौंडच्या. उठलोही मागेपुढे, आणि कामावर हजर झालो ते एकाच सकाळी. चौफुल्याहून पारगावचा पूल ओलांडून मी प्रकल्पात पोहोचलो आणि सरळ विलासरावांच्या केबिनमध्ये गेलो. माझे त्यांच्याकडे काम होते. काय ते शेवटी सांगतो. माझे बोलणे होते न होते तोच त्यांनी सुजाताबाईंना आत बोलावले.

"या बाई. आता जरा जपा. काही दिवस कॅन धुलाईला बसा. या आजारात वास जातो माणसाचा."

"माझा गेला न्हाई, साहेब."

"गेल्याचं ज्याचं त्याला कळत नाही."

"मग तपासा. डोळं बांधा माझं, वाट्या मांडा. चांगलं, आंबलेलं, करपलेलं, फिनेल लागलेलं. एक जरी चुकली तर आपल्या पायानं धुलाईला जाते."

"त्याची काही गरज नाही. तुमच्या भल्यासाठीच चाललंय हे."

"माझं भलं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"लोकांचं म्हणणं..."

"लोक म्हंजी कोण? नाव घेऊन सांगा."

विलासरावांनी टेबलावरचा पेला उगाच डावीकडून उजवीकडे ठेवला. मी तोंड उघडले. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात वर केला : "आबा, आपलं बोलणं झालंय." मी म्हणालो, "ते बोलणं त्यांच्यासमोर करा." तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि कोणाशी तरी टँकरबद्दल बोलत राहिले. बाई उभ्याच होत्या. फोन संपेना. शेवटी त्या निघून गेल्या. वाट्या मांडायला किती वेळ लागला असता? पण मांडल्या असत्या तर उत्तर आले असते, आणि विलासरावांना उत्तर नको होते.

आता 'हलके काम'. धुलाईत सतत वाफ. सोड्याच्या कढत पाण्यात कोपरापर्यंत हात. नुकत्याच आजारातून सावरलेल्या छातीला ही हवा. ज्यांनी हा शब्द छापला त्यांनी तिथे एक पाळी काढावी आणि मग शब्दकोश उघडावा.

सगळ्यांची अटकळ होती की बाई राजीनामा देतील. मीही एकदा त्यांना विचारले. हात पुसत त्या म्हणाल्या, "राजीनामा दिला की त्यांची गोष्ट खरी झाली, आबा. त्यांनी मला हलवलंय. मी हलले न्हाई."

आणि खरोखरच हलल्या नाहीत. धुऊन आलेला कॅन त्या सवयीने नाकाशी धरत आणि परत लावत : "सोडा ऱ्हायलाय. पुन्यांदा." धुलाईतली माणसे कुरकुरत विलासरावांकडे गेली. विलासराव म्हणाले, "बाई म्हणतात तर धुवा परत." ज्या बाईचे नाक गेले म्हणून तिला धुलाईला बसवले, तिच्याच नाकावर विसंबून मॅनेजर कॅन परत धुवायला लावत होता. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

मग बाई पोलिसांत गेल्या. चिथावणी कोणी दिली, असे स्मरणिका सुचवते? कोणीही नाही. या बाईला चिथावणी द्यायची म्हणजे विस्तवाला काडेपेटी दाखवायची. त्या दिवशी त्यांची स्कूटी बंद होती, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवरून नेले. माझा वाटा एवढाच. ठाण्यातल्या हवालदाराने त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "शिवी दिली का कुणी? जातीवरनं काय बोललं?"

"न्हाई."

"मग कशाची तक्रार घेऊ, ताई?"

"शिवी दिली आसती तर तुमचं माझं दोघांचंबी काम सोपं झालं आसतं, साहेब. ह्यांनी काम काढून घेतलं, आन् तेबी माया करून. अस्पृश्यतेपायी माणसाला त्याच्या कामापासनं अडवणं हा गुन्हा हाय. त्याला शिवी लागत न्हाई. कायदा काढा, मी दावते."

हवालदाराने खुर्ची पुढे सरकवली आणि आतून मोठ्या साहेबांना बोलावले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. शिवीला शिवी देणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. मायेने केलेला अन्याय अन्याय म्हणून सिद्ध करणे फार अवघड असते. ते काम या बाईने अंगावर घेतले होते, आणि त्यात हरली असती तर न्हावऱ्यातच काय, कोणत्याच डेअरीच्या डॉकवर तिला कोणी उभे केले नसते.

तक्रार झाली तेव्हा कंपनीने घाईघाईने स्वतःची चौकशी लावली. बाहेरून एक निवृत्त अधिकारी आणले. विलासरावांनी निवेदन पाठ करून आणले होते. ते म्हणाले, यात जातीचा संबंधच नाही. या आजारातून उठलेल्या प्रत्येकाला डॉकवरून दूर ठेवण्याचा आमचा सरसकट नियम होता.

सुजाताबाई तोवर खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"प्रत्येकाला?"

"हो. प्रत्येकाला."

"प्रत्येक म्हंजी कोण, साहेब? नाव घेऊन सांगा."

विलासरावांनी पाणी मागितले. मग मी हात वर केला, उभा राहिलो आणि जे बोलायचे ते बोललो. अधिकाऱ्यांनी ऐकले आणि लिहून घेणाऱ्याला सांगितले, "हे अप्रस्तुत आहे, घेऊ नका." अहवालात माझे नाव 'उपस्थित' म्हणून आहे. मी काय बोललो ते नाही. अहवालाचा निष्कर्ष असा, की भेदभाव आढळून आला नाही. जिथे पाहायचे तिथून तोंड फिरवल्यावर काय आढळणार?

बाई तिथे थांबल्या नाहीत. प्रकरण शिरूरच्या न्यायालयात गेले. तारीख जवळ आली, कंपनीच्या वकिलांनी कागद पाहिले, आणि एके सकाळी फलकावर वासाच्या पाळीपुढे पुन्हा बाईंचे नाव लागले. याला विलासराव 'सन्मानाने पूर्वपदी घेतले' म्हणतात. त्या दिवशी तांब्या हातात घेऊन उभ्या असलेल्या पुजाऱ्याला बाई म्हणाल्या, "थांबा. आधी मी, मग देव." पुजारी थांबला. बापूसाहेबांची गाडी पुन्हा संध्याकाळी येऊ लागली.

गेल्या महिन्यात मी त्यांना पाहिले ते कासुर्डीला, हायवेच्या कडेला असलेल्या चहाच्या टपरीवर. त्या डेअरीतून मुलाखत देऊन आल्या होत्या. अंगावर इस्त्रीची साडी, पायांत चपला. गमबुटाच्या आवाजाशिवाय त्या मला एकदम ओळखू आल्या नाहीत.

"कशी झाली?" मी विचारले.

"टेबलावर स्मरणिकाच व्हती, आबा. पान उघडून ठेवल्यालं. म्हटलं, वाट्या मांडा, आत्ताच्या आत्ता. म्हणाले, विचार करून कळवतो."

"लोक म्हणतात, असं म्हणाले असतील."

"न्हाई." त्या हसल्या. "ह्या बारीला लेखाखाली विलासरावांचं नाव हाय. इतक्या वर्षांत पयल्यांदा कुणीतरी नाव घालून सांगितलं."

चहा आला. आम्ही स्मरणिकेबद्दल बोलत होतो, त्या भरात माझा कप संपला. बाईंनी त्यांचा कप ओठांपर्यंत नेला आणि तो तिथेच थांबला. त्यांनी तो खाली ठेवला.

"आबा, पिऊ नका. दूध लागलंय ह्याचं. करपट मारतंय."

मग त्यांनी माझ्या रिकाम्या कपाकडे पाहिले. शिरूरकडे जाणारी एसटी यायची होती, त्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चौकशीत तुमचं बोलणं खोडलं त्यांनी. आता तुम्ही लिवा. आन् नाव घेऊन लिवा." रस्ता ओलांडून गेल्या. एसटीत चढताना दारातच त्या क्षणभर थांबल्या, आत कसला तरी वास आला असावा, कंडक्टरला काहीतरी म्हणाल्या, आणि कंडक्टर खिडकी उघडू लागला.

तेव्हा नाव घेऊन सांगतो. नाव माझेच आहे. त्या साथीत वास गेला तो माझा. अजून परतलेला नाही. कामावर हजर झालो त्या सकाळी, सुजाताबाईंना केबिनमध्ये बोलावण्याच्या आधी, विलासरावांच्या समोर उभा राहून मी हेच सांगत होतो : मला आता काही कळत नाही, मला डॉकवरून काढा. विलासराव हसून म्हणाले, "आबा, नाक गेलं तरी तुम्ही आपलेच की. नुसते उभे राहा." आणि बाईंना धुलाईला पाठवून त्यांची सकाळची पाळीही त्यांनी मलाच दिली.